पासवर्ड न विचारता अकाउंट कसं उघडतं? ब्राउझरमधली कुकीची फाइल स्वतः उघडून बघा

मार्च २०२३. कॅनडातलं 'लायनस टेक टिप्स' हे यूट्यूब चॅनल. सबस्क्रायबर दीड कोटीहून जास्त. आणि विषय कोणता, तर कॉम्प्युटर आणि टेक्नॉलॉजी. म्हणजे पासवर्ड '१२३४५६' ठेवणारी ही माणसं नव्हेत. तरीही एका रात्रीत चॅनलचं नाव बदलून 'टेस्ला' झालं आणि त्यावर क्रिप्टोचे बनावट लाइव्ह सुरू झाले.

चॅनलचे प्रमुख लायनस सेबॅस्टियन यांनी नंतर व्हिडिओ करून सगळा प्रकार सांगितला. स्पॉन्सरशिपची ऑफर वाटावी असा एक मेल आला होता. त्यातली फाइल एका कर्मचाऱ्याने उघडली. फाइल पीडीएफसारखी दिसत होती, आत होतं मालवेअर. त्या मालवेअरने पासवर्ड फोडला नाही, ओटीपीही मागितला नाही. ब्राउझरमध्ये लॉगिनची जी खूण साठवलेली होती, ती उचलली आणि पळ काढला.

ही खूण म्हणजे कुकी. तुम्ही आत्ता कॉम्प्युटरवर फेसबुक, जीमेल किंवा इन्स्टाग्राम उघडलं असेल, तर तशीच खूण तुमच्याकडेही आहे. ती एका साध्या फाइलमध्ये असते आणि ती फाइल उघडून वाचता येते. त्यासाठी हॅकर असण्याची गरज नाही. दोन-चार ओळींच्या कमांड पुरतात.

कुकी म्हणजे नेमकं काय?

मंदिराबाहेरचा चप्पल स्टँड आठवा. तुम्ही चपला देता, तो माणूस तुम्हाला एक टोकन देतो. परत आल्यावर तो तुमचं नाव विचारत नाही, चेहराही बघत नाही. टोकन दाखवलं की चपला हातात.

वेबसाइटचंही असंच आहे. ब्राउझर आणि वेबसाइट ज्या एचटीटीपी नियमांनी बोलतात, त्यात मुळात स्मरणशक्ती नाही. तुम्ही एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात, तर सर्व्हरच्या लेखी तुम्ही पुन्हा अनोळखी. म्हणून पहिल्या भेटीत सर्व्हर ब्राउझरला एक छोटा मजकूर देतो आणि सांगतो, 'हा जपून ठेव, पुढच्या वेळी दाखव.' तो मजकूर म्हणजे कुकी. लॉगिन केल्यावर मिळणारी कुकी म्हणजे 'या माणसाची ओळख तपासून झाली आहे' असं सांगणारं टोकन.

आता मुद्द्याची गोष्ट. चप्पल स्टँडवर तुमचं टोकन दुसऱ्याने दाखवलं, तर चपला त्यालाच मिळतात. लायनस टेक टिप्सच्या बाबतीत हेच झालं.

हा प्रकार सुरू कुठून झाला?

१९९४ मध्ये लू मोंटुली हा तरुण प्रोग्रामर नेटस्केप कंपनीत काम करत होता. एमसीआय या टेलिकॉम कंपनीला ऑनलाइन दुकान हवं होतं, पण ग्राहकाच्या अर्धवट खरेदीची माहिती आपल्या सर्व्हरवर ठेवायची त्यांची तयारी नव्हती. मोंटुलीने उपाय काढला की ती माहिती ग्राहकाच्याच कॉम्प्युटरवर ठेवायची. युनिक्सच्या जगात 'मॅजिक कुकी' हा शब्द आधीपासून होता. तिथून हे नाव आलं.

सुरुवातीला सामान्य लोकांना याचा पत्ताच नव्हता. फेब्रुवारी १९९६ मध्ये 'फायनान्शियल टाइम्स'मध्ये बातमी आली, तेव्हा चर्चा सुरू झाली. तोवर जाहिरात कंपन्यांना यातली दुसरी शक्यता दिसू लागली होती. एकाच कंपनीच्या जाहिराती शंभर वेबसाइटवर असतील, तर ती एक कुकी वापरून त्या शंभर ठिकाणी तुमचा माग काढू शकते. यालाच थर्ड पार्टी कुकी म्हणतात.

ही फाइल असते कुठे?

हे ब्राउझरवर अवलंबून आहे. शिकायला सगळ्यात सोपा फायरफॉक्स, कारण त्यात कुकीचा मजकूर उघडा वाचता येतो.

फायरफॉक्सच्या ॲड्रेस बारमध्ये 'अबाउट:प्रोफाइल्स' असं इंग्रजीत टाइप केलं की एक पान उघडतं. त्यात 'रूट डिरेक्टरी'समोर फोल्डर उघडण्याचं बटण असतं. त्या फोल्डरमध्ये 'कुकीज डॉट एसक्यूलाइट' नावाची फाइल दिसेल. हीच ती.

हे एसक्यूलाइट म्हणजे एक छोटा डेटाबेस. रिचर्ड हिप या अमेरिकन प्रोग्रामरने तो २००० साली तयार केला. ते तेव्हा अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेसाठीच्या एका सॉफ्टवेअरवर काम करत होते. डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की त्यांचं सॉफ्टवेअरही अडायचं. मग सर्व्हरच नको, सगळा डेटा एकाच फाइलमध्ये मावला पाहिजे, या विचारातून एसक्यूलाइट आलं. आज ते अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये आहे, आणि व्हॉट्सॲप तुमचे चॅट फोनवर त्यातच साठवतं. विशेष म्हणजे ते कोणाच्याही मालकीचं नाही, कोणीही फुकट वापरू शकतं.

फाइल उघडायची कशी?

कमांड लाइन म्हटलं की अनेकांना घाम फुटतो. पण काळ्या पडद्यावर लिहिलेला हा फक्त एक प्रश्न आहे. पायऱ्या अशा:

१. एसक्यूलाइटचं टूल हवं. मॅकमध्ये ते आधीपासून असतं. उबुंटूमध्ये 'एसक्यूलाइट३' या नावाने इन्स्टॉल होतं. विंडोजवर एसक्यूलाइटच्या अधिकृत वेबसाइटवरून घ्यावं लागतं. दुसरीकडून घेऊ नका.

२. फायरफॉक्स पूर्ण बंद करा. तो चालू असताना फाइलला कुलूप असतं आणि 'डेटाबेस इज लॉक्ड' असा मेसेज येऊ शकतो.

३. फाइलची कॉपी करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. काम नेहमी कॉपीवर करायचं, मूळ फाइलला हात लावायचा नाही.

४. त्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा आणि 'एसक्यूलाइट३' लिहून पुढे फाइलचं नाव द्या.

५. आता '.टेबल्स' ही कमांड द्या. 'मोझ_कुकीज' हे नाव दिसलं की समजा तुम्ही योग्य जागी आहात.

इथे एक गंमत आहे. फाइलचं नाव लिहिताना चूक झाली, तर एसक्यूलाइट तक्रार करत नाही. ते त्या नावाचा नवा रिकामा डेटाबेस उघडून बसतं. त्यामुळे '.टेबल्स' दिल्यावर काहीच आलं नाही, तर आधी स्पेलिंग बघा.

'.हेडर्स ऑन' आणि '.मोड कॉलम' या दोन कमांड दिल्या की पुढची उत्तरं नीट रकान्यांमध्ये दिसतात. टिंबाने सुरू होणाऱ्या कमांडच्या शेवटी काही लावावं लागत नाही. पण खऱ्या प्रश्नाच्या, म्हणजे क्वेरीच्या शेवटी अर्धविराम हवाच. तो राहिला की पडद्यावर नुसतं '...>' येतं आणि नवखा माणूस वाट बघत बसतो.

कोणते प्रश्न विचारायचे?

खालच्या क्वेरी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या.

पहिला प्रश्न, एकूण कुकी किती?

सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम मोझ_कुकीज;

म्हणजे 'मोझ_कुकीज' या तक्त्यातल्या ओळी मोज. उत्तरात एकच आकडा येईल. ब्राउझर नेहमीच्या वापरातला असेल, तर तो आकडा तुमच्या अंदाजापेक्षा मोठा निघण्याची शक्यता आहे.

दुसरा प्रश्न, सगळ्यात जास्त कुकी कोणी ठेवल्या?

सिलेक्ट होस्ट, काउंट(*) फ्रॉम मोझ_कुकीज ग्रुप बाय होस्ट ऑर्डर बाय काउंट(*) डेस्क लिमिट २०;

हे वाचायला वाटतं तितकं अवघड नाही. 'होस्ट' म्हणजे वेबसाइटचं नाव. 'ग्रुप बाय' म्हणजे एका नावाच्या ओळी एकत्र कर. 'ऑर्डर बाय' आणि 'डेस्क' म्हणजे मोठ्यापासून लहानाकडे लाव. 'लिमिट २०' म्हणजे पहिले वीसच दाखव.

या यादीत काही नावं अशी येतील की तुम्ही म्हणाल, 'या साइटवर तर मी कधी गेलोच नाही.' बरोबर आहे. 'डबलक्लिक डॉट नेट' हे त्यातलं नेहमीचं नाव. ही जाहिरात कंपनी गूगलने विकत घेतली, तो व्यवहार मार्च २००८ मध्ये पूर्ण झाला. तुम्ही बातम्यांची किंवा रेसिपीची साइट उघडता, त्या पानावर तिची जाहिरात असते आणि जाहिरातीबरोबर कुकीही येते. म्हणून कुकीची यादी म्हणजे ब्राउझिंग हिस्टरी नव्हे. त्यावरून कोणी 'तू या साइटवर गेलास' असा आरोप केला, तर तो टिकेलच असं नाही.

तिसरा प्रश्न जास्त रंजक आहे. ही अनोळखी कुकी आली कुठून?

सिलेक्ट होस्ट, नेम, ओरिजिनॲट्रिब्यूट्स फ्रॉम मोझ_कुकीज वेअर ओरिजिनॲट्रिब्यूट्स लाइक '%पार्टिशनकी%';

जून २०२२ पासून फायरफॉक्सने सगळ्यांसाठी एक संरक्षण सुरू केलं. त्यात प्रत्येक वेबसाइटसाठी कुकीचा वेगळा डबा असतो. जाहिरात कंपनीने एका साइटवर ठेवलेली कुकी तिला दुसऱ्या साइटवर दिसत नाही. हा डबा कोणाचा, ते 'पार्टिशनकी'मध्ये लिहिलेलं असतं. त्यामुळे या क्वेरीच्या उत्तरात एका बाजूला जाहिरात कंपनी आणि दुसऱ्या बाजूला जिच्या पानावर ती भेटली ती वेबसाइट, अशी जोडी सापडते. कोण कोणाच्या घरात शिरून बसलंय, ते लगेच कळतं.

कुकीच्या आत काय लिहिलेलं असतं?

बहुतेक वेळा निरर्थक वाटणारी लांबलचक अक्षरं आणि आकडे. त्यांचा अर्थ फक्त सर्व्हरला माहीत असतो. पण काही कुकी वाचता येतात.

'_जीए' ही गूगल ॲनालिटिक्सची कुकी घ्या. तिचा मजकूर साधारण 'जीए१.१.१२३४५६७८९.१७००००००००' असा दिसतो. मधला आकडा म्हणजे तुमच्या ब्राउझरला दिलेला क्रमांक. शेवटचे दहा अंक म्हणजे तुम्ही त्या साइटवर पहिल्यांदा आलात तो क्षण, १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत. उदाहरणातला आकडा भारतीय वेळेनुसार १५ नोव्हेंबर २०२३ ची पहाट, ३ वाजून ४३ मिनिटं असा निघतो. तुम्ही विसरला असाल, कुकी विसरलेली नाही.

फेसबुकच्या दोन कुकी महत्त्वाच्या. 'सी_यूजर'मध्ये तुमच्या अकाउंटचा क्रमांक असतो. 'एक्सएस'मध्ये लॉगिनचं गुपित असतं. इन्स्टाग्रामसाठी हेच काम 'सेशनआयडी' नावाची कुकी करते. ही नावं लक्षात ठेवा. यांचा मजकूर कोणालाही पाठवायचा नाही. स्क्रीनशॉट काढून स्टोरीला तर अजिबात टाकायचा नाही.

तारखा एवढ्या विचित्र का दिसतात?

'लास्टॲक्सेस्ड' या रकान्यात १६ अंकी आकडा दिसेल. ही १९७० पासून मोजलेली वेळच आहे, पण मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात. तिची नेहमीची तारीख करायला दहा लाखांनी भागायचं:

सिलेक्ट होस्ट, नेम, डेटटाइम(लास्टॲक्सेस्ड/१००००००, 'युनिक्सइपॉक', 'लोकलटाइम') फ्रॉम मोझ_कुकीज;

'लोकलटाइम' लिहिलं नाही तर उत्तर जागतिक वेळेत येतं आणि आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे दिसतं.

कुकी कधी संपणार ते 'एक्स्पायरी' रकान्यात असतं. तिथे अंक मोजा. दहा अंक असतील तर ते सेकंद, भागाकार नको. तेरा असतील तर मिलिसेकंद, हजाराने भागा. फायरफॉक्सच्या जुन्या आणि नव्या आवृत्त्यांमध्ये हा फरक पडलेला आहे.

क्रोमचं आणखी वेगळं. तिथे मोजणी १ जानेवारी १६०१ पासून होते. इंटरनेटच काय, वीजही नव्हती तेव्हापासून! कारण विंडोजचं घड्याळ तसं मोजतं. ग्रेगोरियन कॅलेंडर दर ४०० वर्षांनी तंतोतंत फिरून येतं आणि विंडोज बनत होतं तेव्हाचं ४०० वर्षांचं चक्र १६०१ ला सुरू झालं होतं. क्रोमची वेळ सेकंदांत आणली की त्यातून ११,६४,४४,७३,६०० वजा करायचे, मग ती १९७० च्या हिशोबात बसते.

क्रोम वापरणाऱ्यांनी काय बघायचं?

क्रोमची फाइलही एसक्यूलाइटच आहे. नाव नुसतं 'कुकीज', पुढे काही नाही. तक्त्याचं नावही 'कुकीज' आणि वेबसाइटच्या रकान्याचं नाव 'होस्ट_की'. वरची पहिली आणि दुसरी क्वेरी एवढा बदल करून चालते. पण मजकुराचा 'व्हॅल्यू' रकाना रिकामा दिसेल. खरा मजकूर 'एन्क्रिप्टेड_व्हॅल्यू'मध्ये कुलूपबंद असतो आणि किल्ली विंडोज किंवा मॅकच्या सुरक्षित कप्प्यात.

ॲपलच्या सफारीची कुकी फाइल एसक्यूलाइट नाही. तिचा साचा वेगळा आहे, त्यामुळे ही पद्धत तिथे चालत नाही.

आणखी दोन गोष्टी. ब्राउझर बंद केल्यावर संपणाऱ्या 'सेशन कुकी' फायरफॉक्सच्या या फाइलमध्ये सापडत नाहीत. प्रायव्हेट विंडोमधल्या कुकीही तिथे लिहिल्या जात नाहीत.

मग चोर नेमकं काय करतात?

तुम्ही जे हाताने केलं, तेच ते प्रोग्रामने करतात. कुकीची फाइल शोधायची, कॉपी करायची, कामाच्या ओळी निवडायच्या आणि आपल्या सर्व्हरवर पाठवायच्या. अशा मालवेअरला इन्फोस्टीलर म्हणतात. यूट्यूबर्सना बनावट स्पॉन्सरशिपचे मेल पाठवून कुकी चोरणाऱ्या टोळ्यांबद्दल गूगलने ऑक्टोबर २०२१ मध्येच इशारा दिला होता.

जुलै २०२४ मध्ये विंडोजवरच्या क्रोमने कुलूप आणखी घट्ट केलं. कुकी उलगडायची परवानगी फक्त क्रोमलाच, दुसऱ्या प्रोग्रामला नाही. पण त्याच वर्षी काही इन्फोस्टीलरनी यातूनही पळवाट काढली. कुकी थेट त्या यंत्राला बांधून ठेवण्याच्या पद्धतीवरही गूगलने काम केलं आहे, म्हणजे टोकन चोरलं तरी दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालणार नाही.

इथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. 'माझं टू-स्टेप ऑन आहे, मला काही होत नाही.' टू-स्टेप दारावर राखण करतं. कुकी दाराच्या आत गेल्यावर मिळते. चोराकडे ती असेल, तर त्याला दारावर थांबावंच लागत नाही. याचा अर्थ टू-स्टेप बंद करा असा नाही. पासवर्डच्या चोरीसाठी ते हवंच. फक्त तेवढ्यावर निर्धास्त राहू नका.

तुम्ही काय करायचं?

सायबर कॅफे, कॉलेजची लॅब किंवा ऑफिसचा कॉम्प्युटर वापरला, तर नुसती खिडकी बंद करू नका, लॉग आउट करा. लॉग आउट केल्यावर नीट बनवलेली साइट जुनं टोकन तिच्या बाजूने रद्द करते.

फेसबुक, इन्स्टाग्राम आणि गूगल या तिन्ही ठिकाणी 'कुठे कुठे लॉगिन आहे' याची यादी सेटिंगमध्ये मिळते. महिन्यातून एकदा बघा. अनोळखी यंत्र दिसलं तर तिथूनच काढून टाका. अकाउंट हॅक झाल्याचा संशय असेल, तर पासवर्ड बदलण्याबरोबरच सगळीकडून लॉग आउट करा. जुनं टोकन जिवंत राहिलं, तर नव्या पासवर्डचा उपयोग नाही.

फुकटचं क्रॅक सॉफ्टवेअर, गेमचे चीट, मेलमधून आलेली झिप फाइल यांच्यापासून लांब राहा. इन्फोस्टीलर बहुतेक वेळा याच वाटेने येतात.

आणि हे प्रयोग स्वतःच्या कॉम्प्युटरवरच करायचे. रूममेटचा, पार्टनरचा किंवा ऑफिसमधल्या सहकाऱ्याचा लॅपटॉप त्याच्या परवानगीशिवाय उघडून कुकी काढणं हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधल्या कलम ४३ आणि ६६ मध्ये विनापरवानगी डेटा काढणं येतं. दुसऱ्याची पासवर्डसारखी ओळख वापरली तर कलम ६६ सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अकाउंट चोरीला गेलं आणि त्यातून पैशांची फसवणूक झाली, तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

थर्ड पार्टी कुकी जाणार होत्या ना?

सफारीने मार्च २०२० मध्ये त्या पूर्ण बंद केल्या. गूगलनेही जानेवारी २०२० मध्ये 'दोन वर्षांत बंद करू' असं जाहीर केलं होतं. मग तारखा पुढे ढकलल्या आणि एप्रिल २०२५ मध्ये क्रोमची आहे तीच व्यवस्था राहील, असं सांगून टाकलं. म्हणजे क्रोममध्ये त्या नको असतील, तर सेटिंगमध्ये जाऊन तुम्हालाच बंद कराव्या लागतील.

युरोपात परवानगी न घेता अशा कुकी ठेवता येत नाहीत. 'नाही' म्हणणं 'हो' म्हणण्याइतकं सोपं ठेवलं नाही म्हणून फ्रान्सच्या नियामकाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड केला होता. भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं असलं पाहिजे, असं म्हटलं आहे.

पण संमती मागे घ्यायची तर ती कोणाकोणाला दिली आहे ते आधी माहीत हवं. 'ॲक्सेप्ट ऑल'वर आजवर किती वेळा क्लिक केलं, ते कोणीच मोजत नाही. त्याचा बराचसा हिशोब मात्र त्या फाइलमध्ये आहे. दुसरी क्वेरी चालवा, वीस नावं बघा आणि ज्यांची ओळख पटत नाही त्यांच्या कुकी ब्राउझरच्या सेटिंगमधून काढून टाका. एखाद-दुसऱ्या साइटवर पुन्हा लॉगिन करावं लागेल, एवढंच.